डेला हुहता टेकडी चढते

गेल्या वर्षी डेला हुहताने शर्यत अर्ध्यावर सोडली, तेव्हा तिला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तिला सलत होतं ते हेच.

हंगामाची ती शेवटची, विभागीय शर्यत. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठाने, जंगलातून वर-खाली फिरणारी स्कीची वाट. या वाटेवर ऑटोची टेकडी लागते. ऑटो हा जुन्या काळचा शेतकरी; त्याच्या गाई या चढावरून घसरत खाली यायच्या, म्हणून टेकडीला त्याचं नाव पडलं, असं सांगतात. खरं तर गाईंचं पडायला हवं होतं. टेकडीच्या पायथ्याशी वाट गाड्या लावायच्या मैदानाला खेटून जाते. त्या दिवशी डेलाच्या स्की चढावर पकड घेईनात. पाऊलभर वर जावं आणि तेवढंच खाली यावं. मागच्या मुली एकेक करत बाजूने निघून गेल्या. तिने मान वळवली, तर खाली कॉलेजची व्हॅन उभी होती. काचा वाफेने धुरकटलेल्या, आत हीटर चालू. ती वाटेबाहेर आली, स्की काढून खांद्यावर टाकल्या आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली.

शर्यत संपल्यावर कोच नॅन टॉर्व्हिनेनने दार उघडलं आणि म्हणाली, "कोट घाल." जोसी पेराला, तिच्याच वर्षाची, हिने संत्र्याची फोड पुढे केली. व्हॅनमध्ये परत येताना सगळ्याजणी जेवायला कुठे थांबायचं यावर भांडल्या. कोणीतरी टोमणा मारला असता तर डेला रडली असती, भांडली असती, मोकळी झाली असती. तेही झालं नाही.

घरी आणखी एक गोष्ट झाली. तिचे वडील वेन हुहता सरकारी रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवतात. आमच्याकडे हे काम म्हणजे साधी नोकरी नव्हे. वेन बाहेर पडला नाही तर शाळा, दवाखाना, दूध, सगळं बंद. रविवारी जेवताना तो बटाट्यावर लोणी थापत म्हणाला, "अर्धा रस्ता साफ करून परत येणारा ड्रायव्हर न गेलेल्यापेक्षा वाईट. माणसं भरवशाने आत शिरतात आणि पुढे अडकतात."

तो कामावरच्या एका नव्या पोराबद्दल बोलत होता. निदान आई तरी तसंच म्हणाली. डेलाने मात्र ते वाक्य पदरात घेतलं आणि वर्षभर वागवलं.

घरात ती मुळात सोडून देणारी म्हणूनच प्रसिद्ध होती. पियानो सोडला, बासरी सोडली, चर्चमधलं गाणं सोडलं. आईने एकदा विणकामाला बसवलं, तर त्या मोज्याचा दुसरा पाय अजून व्हायचा आहे. टिकलं ते एक स्कीइंग. तेही आवडीपेक्षा सवयीने: गावातल्या शाळेमागे जुन्या खाणीच्या मातीचे ढिगारे आहेत, हिवाळ्यात पोरांनी तिथे जायचं, आणि जायचं तर स्कीवरूनच. ती कधी पहिली आली नाही, कधी शेवटचीही आली नाही. कॉलेजच्या चमूत तिची निवड झाली असं म्हणणं जास्तीचं होईल. तिने नाव दिलं आणि कोणी नको म्हणालं नाही.

त्या शर्यतीनंतर चमू सोडावा असं तिच्या मनात होतं. पण तेही सोडणंच झालं असतं. ती राहिली.

उन्हाळ्यात ती सरोवराकाठच्या दुकानात आइस्क्रीम वाढायची आणि दुपारनंतर चाकांच्या स्की बांधून डांबरी रस्त्यावर उतरायची. सोबत बहुतेक जोसी असे. लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक भोंगे वाजवत जायचे. एका वळणावर एक पांढरा कुत्रा रोज न चुकता मागे लागायचा.

"हाच आपला खरा कोच," जोसी म्हणायची. "नॅनला बघून तू कधी एवढी पळाली नाहीस."

"नॅन चावत नाही."

"तुला अजून चावली नाहीये म्हण."

जोसी चौथ्या वर्षाला होती, कप्तान होती, आणि तिच्या काळात मुलींचा चमू विभागीय निकालात कधी वरच्या चारांत आला नव्हता. हे ती कधी बोलून दाखवत नसे. म्हणून सगळ्यांना ठाऊक होतं.

शरद ऋतूत पाच मुली होत्या. एक पश्चिमेकडच्या मोठ्या कॉलेजात निघून गेली. दुसरीने जानेवारीत मनगट मोडून घेतलं. बर्फावर नव्हे, वसतिगृहाच्या जिन्यावर, कपड्यांची टोपली घेऊन उतरताना. उरल्या तिघी: जोसी, दुसऱ्या वर्षाची ब्रिट सुंडेल, जी सगळ्यांत वेगवान होती, आणि डेला.

चमूचे गुण तिघींच्या बेरजेने धरतात. दोघींचे धरत नाहीत. एक जरी पोचली नाही, तर बाकीच्या दोघी कितीही पुढे येवोत, चमू निकालातच नाही.

मेण लावायच्या खोलीत, ते वितळवायच्या इस्त्रीच्या वासात, कोचने हे सांगितलं. "तिघी आहात. तिघींनी पोचायचं. याच्यापलीकडे माझ्याकडे काही डावपेच नाहीत."

ब्रिट खिडकीबाहेर बघू लागली. जोसीने बुटाची नाडी सोडून परत बांधली. डेलाकडे कोणी बघितलं नाही, आणि एवढ्या लहान खोलीत न बघायला बराच प्रयत्न लागतो.

जानेवारी-फेब्रुवारीत डेला प्रत्येक शर्यतीत पोचली. मधल्या घोळक्याच्या शेपटाला, पण पोचली. फक्त तिला एक खोड लागली. जुन्या पद्धतीच्या शर्यतीत स्कीच्या मध्यावर, पायाखाली, मेण लावतात. पाय दाबला की ते बर्फाला धरतं, सोडला की स्की पुढे घसरते. मेण कमी पडलं तर चढावर मागे जाल, जास्त झालं तर बर्फ चिकटून बसेल. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात कोच लोकांची आयुष्यं जातात. डेलाला ती जागा नको होती. तिला पकड हवी होती. कोचने एक थर दिला की ती आणखी एक मागायची.

"डेलाच्या स्कीवर माशा बसायला लागल्यात," ब्रिट म्हणाली.

"बसू देत. उतारावर उडतील."

"उतारावर तू उडालीस तर ना!"

त्यावर तिघीही हसल्या. पण थर ती मागतच राहिली.

विभागीय शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ऊन पडलं. बर्फ दिवसा वितळायचा, रात्री गोठायचा, आणि वाट काचेच्या चुऱ्यासारखी झाली. अशा बर्फाला ट्यूबमधलं चिकट मेण लागतं, क्लिस्टर. ते मधासारखं ओघळतं, केसाला, दाराच्या मुठीला, सँडविचला चिकटतं आणि जन्मभर सुटत नाही. कोचने ट्यूबा काढून ठेवल्या. मग शर्यतीच्या पहाटे नवा बर्फ पडला. फार नाही, बोटभर, पण कोरडा. उघड्यावरचा वाऱ्याने उडवून नेला, तिथली वाट जुनी आणि गोठलेली; झाडांखाली वरून नवी भुकटी. ट्रक घेऊन वेनला बाहेर पडावं लागलं. लेकीची शर्यत बघायला येणार होता, ते राहिलं. "रस्ते झाले की फोन करतो," असा निरोप त्याने आईकडे ठेवला.

कोचने तंबूत तिघींच्या स्की तयार केल्या. खाली क्लिस्टरचा पातळ थर, तो गार होऊ दिला, आणि वर कडक, कोरडं मेण हळुवार चोळून तो झाकून टाकला. "खालचं पकडेल, वरचं नव्या बर्फाला चिकटू देणार नाही," ती म्हणाली. "याला आता कोणी हात लावायचा नाही. आई आली तरी नाही."

डेलाने स्की घेतल्या आणि जरा वेळाने व्हॅनच्या मागे गेली. तिने झाकलेल्या पट्ट्याला अंगठा लावून पाहिला. गुळगुळीत लागला. हे ऑटोच्या टेकडीवर काय धरणार? तिच्या खिशात ट्यूब होती. तिने दोन्ही स्कीवर क्लिस्टरची रेघ ओढली, अंगठ्याने पसरली, पुढे वीतभर जास्तीच नेली. मग मेणाची बाजू खाली करून स्की कडक बर्फावर ठेवल्या, म्हणजे कोणाच्या नजरेला पडू नये. झाकणावर चिकट लावणं म्हणजे छत्री उघडून स्वतःच्याच डोक्यावर बादली ओतणं. हे तिला कळत होतं. चार वर्षं ती त्याच खोलीत बसत होती. पण भीतीला कळण्याशी घेणं-देणं नसतं.

मुली ठरावीक अंतराने एकेक सुटल्या. ब्रिट आधी, मग जोसी, बऱ्याच मागे डेला. उघड्यावर पहिला भाग झकास गेला. स्की खडकाला धरावं तशा धरत होत्या. छोटे चढ ती जिन्यासारखी चढली. गेल्या वर्षी हे केलं असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच सुमारास वाट झाडांत शिरली.

आधी उजवी स्की जड झाली. मग डावी. नव्या बर्फाची भुकटी क्लिस्टरला बसली, दाबली गेली, गोठली, तिच्यावर आणखी बसली. डेलाने स्की आपटल्या, एकमेकींवर घासल्या. खालचा गोळा वाढतच गेला. शेवटी ती वीतभर उंच झाली आणि टाचा उंच असलेल्या बुटांत शेतातून चालावं तशी चालू लागली. सपाटीवर चालावं लागणं हे आमच्याकडे बाकी कशापेक्षा लाजिरवाणं. तिच्या मागून सुटलेली एक मुलगी "वाट सोड!" म्हणून ओरडली, दुसरी नुसतीच धापा टाकत गेली.

झाडी संपली आणि समोर ऑटोची टेकडी आली. उजव्या हाताला गाड्यांचं मैदान. कॉलेजची व्हॅन गेल्या वर्षीच्याच जागी उभी होती. काचा तशाच धुरकट.

डेला थांबली. काठीच्या टोकाने स्कीखालचा बर्फ उकरायला लागली. टोक गोठलेल्या गोळ्यावरून घसरून बुटाला लागलं. तिने व्हॅनकडे पाहिलं. मग टेकडीकडे. मग परत व्हॅनकडे.

"काय लावलंयस तू? काकवी?"

वाटेच्या कडेला लॉइड ब्रेनर उभा होता. शेजारच्या राज्यातल्या कॉलेजचा कोच, सत्तरीचा, कानटोपीवरून आणखी एक कानटोपी. तो आपल्या मुलींना वेळा ओरडून सांगायला तिथे थांबला होता. त्याचा चमू आणि डेलाचा चमू हंगामभर एकमेकांच्या पायात पाय घालत आले होते. डेला इथे थांबली तर लॉइडच्या मुली एक जागा वर जाणार होत्या, हे त्याला, तिला आणि व्हॅनलाही माहीत असावं.

"क्लिस्टर," ती म्हणाली.

"ते दिसतंय. नॅनने असं दिलं?"

"नाही. मी वरून लावलं."

"वा!" लॉइडने कोटाच्या खिशातून खरवडणी काढली आणि हात लांब करून पुढे धरली. "घे. मी स्कीला हात लावला तर तू बाद. फक्त हत्यार देता येतं. बस तिथेच, वाट सोडून कडेला, आणि तासून काढ. मागून पोरी येतायत."

यात त्याने काही विशेष केलं असं कोणी समजू नये. वाटेवर काठी मोडली तर जवळ उभा असेल तो आपली काठी देतो, मग तो कोणाचा का असेना. द्यायची की नाही असा विचार आमच्याकडे कोणी करत नाही. केला तर पुढच्या वर्षी त्याला कॉफीला कोणी विचारत नाही.

डेला स्की न काढता गुडघ्यावर बसली, एक पाय मागे वाकवला आणि तासायला लागली. बर्फाचा गोळा सुटला, त्याच्याबरोबर क्लिस्टरही सालासारखं निघालं.

"सगळं काढू का?"

"अर्धं ठेवलंस तर पुढच्या झाडीत परत हेच."

"मग चढायचं कशावर?"

"हातांवर," लॉइड म्हणाला. "उन्हाळ्यात आइस्क्रीम वाढतेस ना? माझ्या नातवाने सांगितलं. म्हणाला, त्या मुलीचा हात मोठा आहे."

तिने दुसरी स्कीही तासली. दोन्ही आता खालून कोऱ्या होत्या, बशीसारख्या. वर्षभर ज्या गोष्टीची भीती बाळगली, ती तिने स्वतःच्या हाताने तयार केली होती. खरवडणी परत करायला हात पुढे केला, तर लॉइडने मान हलवली. "ठेव. लागेल. जा आता, माझी पोरगी येतेय, तिच्या वाटेत नको."

टेकडीवर डेला घसरली. पहिल्या पावलाला घसरली, दुसऱ्याला घसरली. मग पाय फाकवून, स्कीच्या आतल्या कडा रुतवत, माशाच्या काट्यासारखे ठसे उमटवत चढू लागली. स्की मागे यायच्या तेव्हा ती काठ्यांवर लटकून राहायची आणि परत पाऊल टाकायची. लॉइडची पोरगी बाजूने गेली. एका जागी डेला गुडघ्यावर आली, उठली. अर्ध्यावर आल्यावर तिला एक साधी गोष्ट लक्षात आली आणि ती जवळजवळ हसली. घसरणं म्हणजे फक्त हळू जाणं होतं. त्याच्यापुढे काही नव्हतं. गेल्या वर्षी तिला वाटलं होतं, त्याच्यापुढे दरी आहे.

ती माथ्यावर पोचली आणि न थांबता काठ्या मारल्या.

पलीकडे उतार होता, आणि कोऱ्या स्कीला उतार म्हणजे मेजवानी. खाली काहीच लावलेलं नसल्याने त्या अशा सुटल्या, की डेलाने चार वर्षांत तो वेग पाहिला नव्हता. वळणावर ती ओरडली. भीतीने की मजेने, हे तिलाही सांगता आलं नाही. लॉइडची पोरगी पुढे दिसली, जवळ आली, मागे पडली. नंतरच्या सपाटीवर पायांत पकड नव्हती, म्हणून ती नुसत्या हातांनी काठ्या मारत राहिली आणि तशीच रेषेपार गेली.

ती बर्फावर आडवी पडली. शेजारी जोसी आधीपासून आडवी होती.

"आलीस?"

"आले."

"मी मोजणं सोडून दिलं होतं," जोसी आकाशाकडे बघत म्हणाली. "कितीजणी आल्या, तू नाही. ब्रिट रडायच्या बेतात होती."

"खोटं!" ब्रिट म्हणाली. तिचं नाक लाल होतं. "थंडी आहे."

कोच आली. डेलाच्या स्की उचलून तिने खालून पाहिल्या, अंगठा फिरवला, वास घेतला. तिला सांगायची गरज नव्हती, पण डेलाने सांगितलं. व्हॅनच्या मागे गेले, ट्यूब होती, वीतभर जास्त लावलं, ऑटोच्या पायथ्याशी सगळं तासलं, लॉइडने खरवडणी दिली. कोच ऐकून घेत होती आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा वर जायला लागला होता.

"म्हणजे तू ऑटोची टेकडी काहीही न लावता चढलीस."

"हो."

"मूर्ख कार्टी!" कोच म्हणाली. वर्षभरानंतर कोणीतरी डेलाला काहीतरी बोललं होतं. तिच्या छातीवरून कोणी पोतं उचलावं तसं झालं. "आई आली तरी हात लावायचा नाही म्हटलं होतं. तुझी आई तरी बरी, ती आलीच नाही. आता या स्की, तंबूतलं टेबल आणि इस्त्री, सगळं तू साफ करायचंस. कोट घाल."

निकाल लागला तेव्हा चमू चौथा होता. लॉइडचा चमू पाचवा, आणि मधलं अंतर इतकं थोडं की त्यात डेलाने उतारावर मागे टाकलेली एक मुलगीच काय ती मावली असती. जोसीने निकाल दोनदा वाचला आणि जाऊन पेस्टीचा एक गरम तुकडा घेऊन आली, अर्धा डेलाला दिला. बटाटा आणि मांस भरलेली पेस्टी शर्यतीनंतर खायची असते. त्या दिवशी ती करपलेली होती आणि कोणाला कळलं नाही.

डेला खरवडणी परत द्यायला गेली. लॉइड आपल्या व्हॅनच्या छतावर स्की बांधत होता.

"चौथ्या ना?" तो म्हणाला.

"हो. सॉरी."

"सॉरी कशाला? पुढच्या वर्षी खिसे रिकामे ठेवून येईन." त्याने खरवडणी घेतली, उलटीसुलटी केली, बोटं चिकटली. "हे काय, पुसूनसुद्धा दिली नाहीस?"

"क्लिस्टर आहे. पुसलं जात नाही."

"मला शिकवतेस?" तो म्हणाला आणि ती तशीच खिशात टाकली. तो कोट त्याने पुढच्या हंगामातही घातला, आणि त्या खिशात हात घातला की अजून शिवी देतो.

तंबूत टेबल घासत असताना डेलाचा फोन वाजला. वेन होता. मागे ट्रकचं इंजिन ऐकू येत नव्हतं, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. पोचले. चौथ्या आलो."

वेन खाकरला. "घसरलीस?"

"भरपूर. तुम्ही कुठे आहात? ट्रकचा आवाज नाही."

"ट्रक खड्ड्यात आहे," वेन म्हणाला. "सकाळीच गेला. पुलाजवळच्या वळणावर. दुसरा ट्रक येऊन ओढणार आहे."

"आणि रस्ता?"

"अर्धा झालाय."

डेलाला हसू आवरेना. तिने हसत हसत टेबलाला टेकून घेतलं.

"हसू नकोस. आईला सांगू नकोस," वेन म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून, "उरलेला दुपारी करतो. अर्धा झालेला रस्ता पूर्ण करता येतो, त्यात काय?"

"हो," ती म्हणाली. "त्यात काय."

"तो चरचर आवाज कसला येतोय?"

"फोन कानाला चिकटलाय, बाबा," डेला म्हणाली. "सोडवतेय."